दानूबाईची ओटी

ज्ञानोबांची नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती, पण अंगातली एसटी काही सुटली नव्हती. चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या होत्या. तामलवाडीत कुणाच्या लग्नाचा मुहूर्त बाराचा असला की हे पावणेबाराला मांडवात हजर. बाराला अक्षता पडल्या नाहीत तर नवरदेवाच्या बापाकडे असं बघायचे, जणू त्याने लातूर गाडी अडवून धरली आहे. त्यामुळे लेकीने, म्हणजे शिवांजलीने, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आईबापांना युरोपात बोटीच्या सहलीला पाठवायचं जाहीर केलं, तेव्हा ज्ञानोबांनी, म्हणजे घरातल्या नानांनी, एकच प्रश्न विचारला.

"बोट टायमाला सुटती का?"

त्यांच्या बायकोचा, विठाबाईंचा, प्रश्न वेगळा होता. "तिकडं नदीची ओटी भरू देत्यात का गं?"

घरात सगळे हसले, पण विठाबाईंना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पुलावरून जाताना खिडकीतून नाणं फेकणारी माणसं त्यांना मुळीच आवडायची नाहीत. भिकारणीला टाकावा तसा पैसा टाकतात मेले, म्हणायच्या. नदी म्हणजे सवाशीण. तिला खण, नारळ, ओंजळभर गहू आणि हळदकुंकू द्यावं, आणि पुन्हा ये म्हणावं. ओटी घेणाऱ्या बाईने ओटीतले चार दाणे भरणारीच्या ताटात परत टाकायचे असतात, घरची बरकत घरात राहावी म्हणून. नदी ते टाकत नाही, याचा विठाबाईंना कधी राग आला नव्हता. वाहती बाई ती, तिला मागं वळायला सवड कुठली, एवढंच त्या म्हणत. नांदेडला गोदावरीची, टाकळीला भीमेची अशा ओट्या त्यांनी भरल्या होत्या. बॅगेत त्यांनी सगळ्यात आधी खण आणि सोललेला नारळ ठेवला. मग स्वेटर.

शिवांजलीचं पाण्याशी नातं मात्र आकड्यांचं होतं. ती पाटबंधारे खात्यात अभियंता. नळदुर्गहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक साठवण तलाव आहे, तो तिच्याकडे. पाणी किती आलं, किती गेलं, किती उडून गेलं, हे तिला विचारावं. देवाधर्माचं विचारू नये.

सोलापूरच्या एका सहल कंपनीचे अठ्ठावीस जण डॅन्यूब नदीवर आठ दिवस फिरत होते. दोन दिवसांत विठाबाईंनी नदीचं नाव दानूबाई करून टाकलं. रोज व्हिडिओ कॉल यायचा. दानूबाईच्या काठाला केवढी चर्चं आहेत, दानूबाईचं पाणी निळं नाहीच मुळी, आपल्या बोरी नदीसारखं मातकट आहे, बोटीवरचा भात कच्चा असतो, हे सगळं शिवांजलीला पाठ झालं होतं. आईला असं लहान पोरीसारखं बोलताना बघून तिला फार बरं वाटायचं. जन्मभर त्या बाईने सोलापूर-नांदेडच्या पलीकडे काही बघितलं नव्हतं.

शेवटचा दिवस मे महिन्यातला, गुरुवार. बोट आदल्या रात्री बुडापेस्टला लागणार होती. सकाळी आठला खोल्या रिकाम्या करायच्या, नऊला बस, मग विमान. तिथले नऊ म्हणजे आपल्याकडचे साडेबारा. शिवांजली त्या दिवशी तलावावर होती. तळाचा गाळ काढायचं काम चाललं होतं आणि त्याची मापं घ्यायची होती. तलावात पाणी म्हणाल तर मृतसाठ्याच्याही खाली. मधोमध एक हिरवट डबकं, आणि बाकी सगळी भेगाळलेली काळी जमीन. मातीच्या बांधाला आतून दगडी पायऱ्यांसारखं पिचिंग, आणि पाणी मोजायची पांढरी पट्टी उन्हात नुसती उभी. बांधावरच्या खोलीत चौकीदार गुरुलिंग बसला होता. साठीला टेकलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस.

साडेदहाला पहिला फोन आला.

"शिवू, काल सांजच्याला दानूबाईची ओटी भरली बग म्या," विठाबाई म्हणाल्या.

"आई, नदीत काही टाकायचं न्हाय म्हणून रणधीरनी बजावलं होतं ना?" रणधीर म्हणजे सहलीचा मॅनेजर.

"टाकलं न्हाय गं, सोडलं. पाटीमागच्या बाजूला कुणी नव्हतं. म्हनलं, बाई, आठ दिस आमाला अंगाखांद्यावर फिरवलंस, आता तू आमच्याकडं ये. माहेर समज. येशील तवा ये, पर ये. सवाशिनीला तसंच धाडावं का?"

"बरं केलंस."

"आगं, फुडं ऐक की. हे बग."

फोन फिरला. खोलीच्या खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर नारळ होता. ओला, शेंडीतून पाणी निथळणारा, कपाळाचं कुंकू तसंच. त्याच्याशेजारी गव्हाचे चार दाणे.

"परत केलं बग तिनं. मोजून चार," विठाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"बोटीवरच्या कुणीतरी काढून ठेवला असंल, आई."

"खिडकी उघडत न्हाय," मागून नाना म्हणाले. "पक्की काच हाय. दार आतनं लावलेलं." मग ते पुढे आले. आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट, सगळं झालेलं. "ते ऱ्हाऊ दे. ही बोट का चालू हाय ते विचार त्या रणधीरला. टाइमटेबलात बुडापेस्ट रात्री अकराला हाय. आन् ही पहाटंपासनं चालूच हाय."

त्यांच्या खांद्यामागे काचेतून काठ सरकताना दिसत होता. हिरवा, धुकट, कुठलाही असावा असा.

शिवांजलीने रणधीरला फोन लावला. तो हसला. "ताई, बोट रात्रीच लागलीय. दोर बांधलेत. शेजारी दुसऱ्या बोटी आहेत ना, त्यातली एखादी निघाली की आपलीच चालल्यासारखी वाटते." हे शिवांजलीला पटलं. स्टँडवर शेजारची गाडी हलली की आपलीच हलल्यासारखं वाटतं, हे तिने लहानपणी नानांच्याच खिडकीत बसून शंभरदा अनुभवलं होतं. नानांना ते सुचू नये याचंच तिला नवल वाटलं.

सव्वाबाराला पुन्हा फोन वाजला. या वेळी एकटे नानाच होते.

"शिवू, बोटीवर कुणी न्हाय गं."

"म्हणजे?"

"तिन्ही मजले फिरून आलो. नाष्टा मांडलाय. चहातनं वाफ येतीया. माणूस न्हाय. रणधीर न्हाय, आपली सोलापूरची मंडळी न्हाईत, गोरी न्हाईत. आन् उकडाय लागलंय. तुझ्या आईनं स्वेटर काढून ठिवला."

आवाज शांत होता, पण शिवांजलीने बापाला एवढं ओळखलं होतं की तो शांतपणा तिच्या छातीत रुतला. गाडी दरीत गेल्याचा फोन आला तेव्हाही नाना असेच बोलले होते.

"खिडकीतून काय दिसतंय, दाखवा बरं."

त्यांनी फोन काचेला लावला. काठ हळूहळू जात होता. धुकं नव्हतं. करकरीत ऊन होतं. नांगरून टाकलेलं रान होतं, ढेकळांचं.

"तिकडं काळी माती असती का गं?" नानांनी विचारलं.

"असेल की नाना. माती काय, कुठंही काळी असती."

मग बाभळी आल्या. एक, दोन, मग रांगच. एका बाभळीखाली बकऱ्या होत्या. आणि बाभळी संपल्यावर, काठावर, उन्हात उभा असलेला एक उंच गोल बुरूज हळूच चौकटीत आला. त्याच्यावर चढायच्या पायऱ्या बाहेरून होत्या.

नळदुर्गात नोकरी करणाऱ्या माणसाला तिथल्या किल्ल्यातला उपळी बुरूज ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. शिवांजलीने तरी दुसऱ्यांदा बघितलं. हा किल्ला असा, पाण्यातून, कुणालाच दिसत नाही. बुरुजाच्या या अंगाला एवढं पाणीच नाही.

"नाना, फोन बंद करू नका. काय वाट्टेल ते झालं तरी बंद करू नका."

तिने दुसरा, ऑफिसचा फोन काढला आणि रणधीरला लावला. "माझे आईवडील बोटीवरच राहिलेत. कुणीतरी जाऊन बघा. आत्ता. मी पाया पडते तुमच्या."

"ताई, काका-काकू बसमध्ये बसलेत की," रणधीर म्हणाला. "मघाशीच. मीच मोजलंय, अठ्ठावीस. काकूंचा मोबाईल तेवढा राहिला म्हणून मी खोलीत बघून आलो, पण सापडला नाही."

"त्यांना फोन द्या."

"काका, घ्या. शिवांजलीताई आहेत." फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

"नाना?" ती उजव्या कानाला लावलेल्या फोनवर म्हणाली.

"काय गं?" डाव्या हातातल्या फोनवर नाना म्हणाले.

पलीकडून पुन्हा रणधीर आला, जरा दबक्या आवाजात. "बोलत नाहीत ताई. दमले असतील. नुसतं बघतायत." मग त्याने फोटो पाठवला. मागच्या सीटवर दोघं बसलेले, हात गुडघ्यांवर, नजर सरळ कॅमेऱ्यात. विठाबाईंच्या अंगात स्वेटर होता.

शिवांजली बांधावर भर उन्हात उभी होती आणि तिला थंडी वाजत होती. ती काही भित्री बाई नव्हती. तिने विचार करायचा प्रयत्न केला, मापं घेताना करायची तसा, एक एक करून. फोटोतली माणसं तिची असतील, तर फोनवर बोलतंय कोण? फोनवरची तिची असतील, आणि ती तर होतीच, त्या 'शिवू' हाकेत चूक होणं शक्य नव्हतं, तर त्यांना भलतंच दिसतंय, आणि ते बघून आपल्यालाही. उष्माघात, रक्तदाब, काहीतरी झालंय. त्यांना दिसतो तो काठ तिथे नाही. तिथे परक्या देशातली खोल नदी आहे. ती दोघं बोटीच्या कडेला उभी आहेत आणि त्यांना पोहता येत नाही.

"मॅडम," गुरुलिंग खोलीच्या दारातून म्हणाला, "बकऱ्या वर का आल्या ओ?"

तळातल्या भेगांमधलं गवत खुडणाऱ्या बकऱ्या एकामागोमाग बांध चढून वर आल्या होत्या आणि तळाकडे पाठ करून उभ्या राहिल्या होत्या.

"वारं बी गार सुटलंय," तो म्हणाला. "ह्या टायमाला?"

फोनमध्ये विठाबाई ओरडल्या. आनंदाने.

"आवो, ती बगा! शिवू! ती काय, बांधावर हुबी हाय. शिवू, ए शिवू, हिकडं बग की!"

शिवांजलीने फोनकडे बघितलं.

फोनमध्ये पाणी होतं, काठोकाठ भरलेलं. पाण्यापलीकडे पिचिंगचे दगड, पांढरी पट्टी, बांध, चौकीदाराची खोली. खोलीच्या अलीकडे एक बाई, एका हातात फोन, दुसरा फोन कानाला. अंगात तिचाच निळा कुर्ता.

तिने मान वर केली. समोर कोरडा तळ होता. डबकं. पोकलेन. भेगा.

"तुला दिसतंय का काही?" तिने गुरुलिंगला विचारलं.

"काय दिसायचंय?" तो म्हणाला. पण तो खोलीच्या बाहेर आला नाही.

"शिवू," नाना म्हणाले, "बोट थांबली. फळी टाकलीया कुणीतरी. उतरू का?"

"नको!"

"आगं, घर आलं की." विठाबाई आता फळीच्या तोंडाशी होत्या. चपला हातात, पदर खोचलेला. "आन् पाव्हनीला घिऊन आलोय, दानूबाईला. दारात आलेल्या पाव्हनीला थांबीवत्यात का?"

"आई, ते घर न्हाय. तिथं काही न्हाय. पाय टाकू नको, आई!"

"तू तर दिसतीयास."

"मी न्हाय ती!"

हे आपल्या तोंडून का निघालं, ते तिला कळलं नाही.

विठाबाईंनी एक पाय उचलला. शिवांजली रडत होती, किंचाळत होती. गुरुलिंगने कानावर हात ठेवले होते.

"नाना! नाना, माझी शपथ हाय तुम्हाला. मी सांगेपर्यंत उतरू नका. आईला धरा. मी सांगेपर्यंत एक पाऊल टाकायचं न्हाय!"

नानांनी बायकोचा दंड धरला. चौतीस वर्षं त्यांनी घंटी झाल्याशिवाय गाडी हलू दिली नव्हती.

"बरं," ते म्हणाले. "बसतो. सांग मग."

चित्र थांबलं. कॉल तुटला.

बकऱ्या पुन्हा खाली उतरल्या.

दोन दिवसांनी हैदराबादच्या विमानतळावर ती स्वतः गाडी घेऊन गेली. अठ्ठावीस जण बाहेर आले. त्यांत नाना आणि आई होते. तिने दोघांना कवटाळलं आणि लोकांची पर्वा न करता रडली. रणधीर म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं?" तिलाही तसंच म्हणायचं होतं. ऊन लागलं होतं, डोकं फिरलं होतं, झालं ते झालं. वाटेत बोरीचा पूल आला आणि गेला. आईने हात जोडले नाहीत.

तामलवाडीत आठ दिवस माणसांची रीघ होती. बोट कशी होती, खायला काय होतं, विमानात भीती वाटली का. दोघं बरोबर उत्तरं द्यायची, विचारलं तेवढीच. शिवांजलीने रजा टाकली आणि तिथेच राहिली. कारण तिला हळूहळू कळत चाललं होतं. बेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात त्या दोघांनी एकदाही पाणी मागितलं नाही. तांब्या भरून ठेवला तर भरलेलाच राहायचा. जेवा म्हटलं की जेवायची, झोपा म्हटलं की झोपायची. काहीच म्हटलं नाही तर अंगणात उभी असायची, ऊन असो की सावली. ती दोघं तिला शिवांजली म्हणून हाक मारत, पूर्ण, कागदावर लिहिल्यासारखी. जन्मात तिला त्या घरात कुणी शिवांजली म्हटलं नव्हतं.

गावात कुणाला काही वाटलं नाही. म्हातारी माणसं दमली आहेत, म्हणायचे. तिने कुणाला सांगायचं, आणि काय? आपलेच आईबाप आपले नाहीत, असं म्हणणाऱ्या लेकीला लोक कुठं नेऊन घालतात ते तिला माहीत होतं. रात्रंदिवस तिला एकच गोष्ट खात होती. ती दोघं आपलीच होती, घरापर्यंत आली होती आणि आपणच त्यांना उतरू दिलं नाही. रोज दुपारी ती आईचा जुना नंबर लावायची. रोज तो बंद लागायचा. तलावावर तर ती तीनदा जाऊन आली, बांधावर उभी राहून कोरड्या तळाकडे बघत "उतरा, नाना, उतरा" म्हणाली. गुरुलिंगने बदली मागितली होती.

अकराव्या दिवशी दुपारी साडेबाराला ती तामलवाडीच्या स्वयंपाकघरात ताटं घेत होती, तेव्हा फोन वाजला. नाव आलं, आई.

आई तिच्यासमोर पोळी लाटत होती.

"शिवू," नाना म्हणाले. आवाज थकलेला, पण अजिबात रागावलेला नाही.

"नाना! नाना, कुठं हायत तुम्ही?"

"कुठं म्हंजे? तू म्हनलीस तितंच. बसलोय. तुझी आई लई दमली गं. किती येळ झाला? माझं घड्याळ बंद पडलंय."

मागे कुठेतरी पाण्याचा बोटीवर आपटल्याचा बारीक आवाज येत होता. स्वयंपाकघरात लाटणं थांबलं. ओसरीवरचा माणूस दारात येऊन उभा राहिला. दोघं तिच्याकडे बघत होती. तिला आता कुणाची भीती उरली नव्हती.

"नाना, उतरा. माझं चुकलं. आईचा हात धरा आणि आत्ताच्या आत्ता उतरा. मी सांगतेय ना!"

मग नाना हळू बोलले, पोरीला वाईट वाटू नये अशा बेताने.

"उतरलो असतो गं. पर तू बांधावर हुबी हायस न्हवं. सकाळधरनं हुबी हायस. तुझी आई हात करती, तर तू मान हलवतीस. आताबी नकोच म्हन्तीस."